न वाचता येणाऱ्या लिपीत टॅटू काढताना: शब्द निवडण्यापासून स्टेन्सिल तपासण्यापर्यंत

जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकन गायिका आरियाना ग्रांडे हिने तळहातावर जपानी अक्षरं गोंदवून घेतली. तिच्या 'सेव्हन रिंग्ज' या गाण्याचं नाव तिला जपानीत हवं होतं. 'सात अंगठ्या' असं जपानीत लिहायला पाच अक्षरं लागतात. हातावर आली दोनच, पहिलं आणि शेवटचं. ही दोन शेजारी ठेवली की जपानी माणूस 'शिचिरिन' असं वाचतो, आणि शिचिरिन म्हणजे मासे-मांस भाजायची कोळशाची छोटी शेगडी. फार दुखत होतं म्हणून मधली अक्षरं गाळली, असं तिने नंतर सांगितलं. मग दुरुस्ती म्हणून आणखी एक अक्षर जोडून घेतलं, पण ते जिथे हवं होतं तिथे बसलं नाही. शेगडी शेगडीच राहिली.

या घटनेत भाषांतर चुकलं नव्हतं. पाच अक्षरं कोणती, हे तिला ठाऊक होतं. बिघडलं ते शब्द कातडीवर उतरताना. परक्या लिपीतल्या टॅटूचा विचार करणारी बहुतेक माणसं सगळी मेहनत अर्थावर घेतात आणि अर्थ पक्का झाला की निर्धास्त होतात. मी अक्षरजुळणीच्या कामात आहे. लिहिणाऱ्याने बरोबर लिहिलेला मजकूर छापून येईपर्यंत किती ठिकाणी मोडतो, हे या कामात रोज दिसतं. टॅटूचा मजकूरही असाच हातोहाती जातो: सांगणाऱ्याकडून फोनमध्ये, फोनमधून आर्टिस्टच्या सॉफ्टवेअरमध्ये, तिथून स्टेन्सिलवर (सुई लावण्याआधी अंगावर उमटवायचा, पुसता येणारा छाप), स्टेन्सिलवरून अंगावर. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याला यातली कुठलीच मोडतोड दिसत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यावर वाचता येणारे दुसऱ्याचे डोळे उभे करायचे, एवढ्यासाठी हा लेख.

लिपी ठरवली म्हणजे भाषा ठरली असं नाही

फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमने २००० साली डाव्या हातावर पत्नीचं नाव देवनागरीत गोंदवलं: व्हिक्टोरिया. नावात जास्तीचा 'ह' घुसलाय, अशा बातम्या ब्रिटिश वर्तमानपत्रांत आल्या. हिंदीच्या हिशेबाने आक्षेप खरा आहे, हिंदीत 'विक्टोरिया' लिहितात. मराठी माणसाला मात्र त्यात काहीच खटकणार नाही. व्हॅन, व्होट, व्हिक्टोरिया टर्मिनस, आपण असंच लिहीत आलो आहोत. तीच अक्षरं एका भाषेत चूक आणि दुसरीत बरोबर. त्याने कोणती भाषा मागितली होती आणि लिहून देणारा कोणती भाषा लिहीत होता, यावर सगळं अवलंबून.

तुम्ही 'चायनीजमध्ये' किंवा 'अरबीत' म्हणता तेव्हा नेमकी हीच फट उघडी राहते. चीनमध्ये १९५६ पासून सोपी केलेली अक्षरं वापरात आली, तैवान आणि हाँगकाँगमध्ये जुनीच चालतात. 'प्रेम' या अक्षराच्या जुन्या रूपात मधोमध 'हृदय' हे छोटं अक्षर असतं, सोप्या रूपात ते काढून टाकलेलं आहे. टॅटूसाठी कुठलं हवं, हे तुम्हीच सांगायचं असतं. जपानीने चिनी अक्षरं घेतली, पण अर्थ काही ठिकाणी भलतीकडे गेले. जपानीत ज्या दोन अक्षरांचा अर्थ 'पत्र' होतो, तीच चिनी माणूस 'टॉयलेट पेपर' अशी वाचतो.

म्हणून पहिल्या दिवशी एक ओळ लिहून ठेवा: भाषा कोणती, कोणत्या देशातली, जुनी की आजची. उदाहरणार्थ, 'जपानी, आजची, कांजी आणि हिरागाना मिसळून' किंवा 'उर्दू, नस्तालिक वळणात'. (कांजी म्हणजे जपानीने घेतलेली चिनी अक्षरं, हिरागाना ही जपानीची ध्वनिलिपी, नस्तालिक हे उर्दूचं नेहमीचं वळण.) पुढे ज्याला-ज्याला काही विचाराल, त्याला आधी ही ओळ दाखवा.

नाव गोंदवायचं असेल तर

नावाचं भाषांतर नसतं, त्यामुळे हे सगळ्यात सोपं वाटतं. मराठी नावांची खरी अडचण ही की आपले सगळे ध्वनी दुसऱ्या लिपीत नसतात.

जपानीत परकी नावं कताकाना या लिपीत लिहितात. तिच्यात ल आणि र वेगळे नाहीत, त्यामुळे लता 'राता' होते. जोडाक्षर सुटतं आणि मधे स्वर येतो, श्रद्धाची 'शुराद्दा' होते. कोरियन हांगुल शिकायला सोपी आणि दिसायला देखणी लिपी, पण तिच्यात व नाही. वैभवमधले दोन्ही व ब होतात. अरबीत प, च, ट नाहीत, म्हणून पूजाची 'बूजा' होते. फारसीत प, च, ग मिळतात, उर्दूत टसुद्धा मिळतो. मराठी नाव त्या वळणाच्या लिपीत हवं असेल तर माझं स्पष्ट मत, उर्दूत लिहा. ध्वनी शाबूत राहतात आणि तपासायला उर्दू वाचणारं माणूस बहुतेक गावांत सापडतं. एक ध्यानात ठेवा, या लिप्यांत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. किरण हे नाव क-र-न एवढंच दिसतं आणि वाचणारा संदर्भाने स्वर भरतो. स्वरचिन्हं देता येतात, ती हवीत की नकोत हे आधी ठरवा.

चिनीत वर्णमालाच नाही. प्रत्येक अक्षराला स्वतःचा अर्थ असतो, म्हणून नाव ध्वनीने लिहिलं तरी अर्थ मागोमाग येतोच. हे काम चिनी येणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यायचं. 'ए म्हणजे हे अक्षर, बी म्हणजे ते अक्षर' असा तक्ता काही दुकानांत आणि इंटरनेटवर दिसतो. तो निखालस खोटा आहे, असा कोणताही तक्ता असूच शकत नाही. ज्या स्टुडिओच्या भिंतीवर तो दिसेल तिथे परक्या लिपीतलं काम देऊ नका.

'आई' गोंदवू इच्छिणाऱ्यांसाठी एक खास सूचना. हा शब्द जपानी हिरागानात उच्चाराप्रमाणे लिहिला, तर वाचणारा तो बहुधा 'आइ', म्हणजे प्रेम, असा वाचेल. ते चालणार असेल तर उत्तम, पण कळून-सवरून निवडा. जपानीत आईला 'हाहा' किंवा 'ओकासान' म्हणतात, आणि स्वतःच्या आईबद्दल दुसऱ्याशी बोलताना वेगळा आणि तिला हाक मारताना वेगळा शब्द येतो.

शब्द किंवा वाक्य असेल तर

आपली मराठी कल्पना आपण आधी इंग्रजीत नेतो आणि मग भाषांतराच्या अॅपला देतो. इथेच घात होतो. मनात 'मुक्त' असतं, इंग्रजीत 'फ्री' होतं, आणि चिनीत पोहोचेपर्यंत 'फुकट' होऊ शकतं. एकटा शब्द यंत्राला दिला की त्याला संदर्भ नसतो. बळ म्हणजे अंगातलं की मनाचं? शांती म्हणजे युद्ध नसणं की मन निवांत असणं? हिब्रू आणि अरबीत क्रियापदं आणि विशेषणं लिंगाप्रमाणे बदलतात, म्हणजे 'तू बलवान आहेस' हे कोण कोणाला म्हणतंय, ते सांगावं लागतं. अॅप हे प्रश्न विचारत नाही, काहीतरी गृहीत धरून मोकळं होतं.

अॅपने दिलेलं उत्तर त्याच अॅपमध्ये उलटं टाकून पाहणं ही पडताळणी नव्हे. यंत्र स्वतःच केलेलं स्वतः ओळखतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

मी सुचवतो ती वाट वेगळी आहे. स्वतःचं वाक्य भाषांतरित करून घेऊ नका, त्या भाषेत आधीपासून असलेली म्हण किंवा शब्दबंध निवडा. पुन्हा उभं राहण्याबद्दल काही हवं असेल तर जपानीत 'नानाकोरोबी याओकी' आहे, सात वेळा पडा आणि आठ वेळा उठा. प्रत्येक भेट आयुष्यात एकदाच घडते, या अर्थाचं 'इचिगो इचिए' हे चार अक्षरांचं वचन चहाच्या परंपरेतून आलेलं आहे. अशा वचनांचं लेखन ठरलेलं असतं, कोशात मिळतं, आणि वाचणाऱ्याला पाहताक्षणी ओळखू येतं. 'मराठी रक्त, वाघाचं काळीज' याचं जपानी भाषांतर व्याकरणाने बरोबर आलं तरी ते वाचणाऱ्याला काहीच सांगणार नाही.

अक्षरं ओळखीची पण भाषा अनोळखी असेल तर धोका थोडा लपलेला असतो. स्पॅनिशमध्ये 'वर्ष' या शब्दातल्या एन अक्षरावर एक लहर असते. ती द्यायची राहून गेली तर शब्दाचा अर्थ गुदद्वार होतो. फ्रेंच, पोर्तुगीज, जर्मन, सगळीकडे अक्षरांवरची-खालची चिन्हं शब्दाचाच भाग आहेत, ती शोभेची नव्हेत.

आणि संस्कृत. देवनागरी वाचता येते म्हणून आपण गाफील राहतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ४७ वा श्लोक फार आवडीने गोंदवला जातो, आणि 'कर्मण्ये वाधिकारस्ते' असा मधे तोडून लिहिलेला सर्रास दिसतो. तिथे तुकडा पडतच नाही. 'कर्मणि एव अधिकारः ते' यांचा संधी होऊन 'कर्मण्येवाधिकारस्ते' हा एकसंध शब्द होतो. जागा कमी म्हणून ओळ तोडायचीच असेल तर कुठे तोडायची, हे संस्कृत शिकवणाऱ्याला विचारा. राजमुद्रेच्या श्लोकाचंही तसंच. 'शाहसूनोः' आणि 'शिवस्यैषा' यांतले विसर्ग, मात्रा एकेक करून पडताळून घ्या.

मजकूर दोन रूपांत घ्या

शब्द ठरला की जाणकाराकडून तो दोन प्रकारे मागा. एक, टाइप केलेला युनिकोड मजकूर (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना ठरवून दिलेले, सगळ्या संगणकांना समान क्रमांक). दोन, त्याच्याच फोनवर किंवा संगणकावर तो जसा दिसतो त्याचं चित्र किंवा पीडीएफ. दोन्ही का? मजकूर शोधता, तपासता, कोशात टाकता येतो, पण यंत्र बदललं की त्याचं रूप बदलू शकतं. चित्राचं रूप बदलत नाही. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर आर्टिस्टचं काम त्या चित्राशी ताडून पाहायचं. हस्ताक्षरातही लिहून मिळालं तर फारच चांगलं, रेघा कुठे जुळतात आणि कुठे सुटतात हे त्यातून कळतं.

इंटरनेटवरच्या टॅटूच्या फोटोवरून अक्षरं उचलू नका. तो टॅटू चुकलेला नाही, याची कुठलीच खात्री नसते. आणि चित्रं बनवणाऱ्या एआय साधनांकडून अक्षरांचं डिझाइन घेऊ नका. ती साधनं पुष्कळदा अक्षरासारखी दिसणारी नुसती आकृती काढतात, आणि न वाचणाऱ्याला ती अस्सल अक्षरापेक्षाही सुबक वाटते.

खरी मोडतोड इथे होते

या टप्प्यावर जरा थांबून वाचा, कारण माझ्या मते निम्म्याहून अधिक काळजी इथेच घ्यायला हवी.

फ्लेक्सवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेलेली, जोडाक्षराचा पाय मोडून दोन अक्षरं वेगळी पडलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. मजकूर टाइप करणाऱ्याने बरोबर दिलेला असतो, पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये तो चिकटवला त्याला देवनागरीची जुळणी करता येत नाही, किंवा ती सोय बंद असते. डिझाइनच्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरमध्येही भारतीय आणि अरबी लिप्यांसाठी वेगळी मांडणी निवडावी लागते, जिला अॅडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी' म्हणतात. ती न निवडता मजकूर चिकटवला की अक्षरं आहेत तीच राहतात आणि शब्द मोडतो.

अरबी-उर्दूत हा घोटाळा सगळ्यात भयंकर. त्या लिपीतलं अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मधे, शेवटी आणि एकटं असताना वेगवेगळं दिसतं, आणि बहुतेक अक्षरं शेजारच्याला जोडलेली असतात. सॉफ्टवेअर चुकलं की सगळी अक्षरं सुटी होतात आणि वर उजवीकडून डावीकडे जायचं ते डावीकडून उजवीकडे जातं. तुमच्या डिझाइनमध्ये अरबी अक्षरं एकमेकांपासून सुटी-सुटी उभी दिसत असतील, तर लिपी न येताही तिथेच हात वर करा. काही अक्षरं पुढच्याला जोडली जात नाहीत हे खरं, पण संपूर्ण वाक्यात एकही जोड नाही, असं होत नाही.

ठिपके मोजा. अरबीत शब्दाच्या सुरुवातीला किंवा मधे आलेल्या एकाच दातऱ्यासारख्या आकाराखाली एक ठिपका असेल तर ब, वर एक असेल तर न, वर दोन तर त, खाली दोन तर य. आर्टिस्टला ठिपका शोभेचा वाटतो आणि तो सरकतो. अंगावरचा तीळही इथे आडवा येतो: अक्षराच्या अगदी वर किंवा खाली तीळ असेल, तर वाचणाऱ्याला तो ठिपका वाटेल. जागा निवडताना हे पाहा.

तिबेटीत अक्षरं एकाखाली एक रचली जातात आणि दोन उच्चारखंडांच्या मधे छोटा बिंदू येतो. रचना मोडली की अक्षरं ओळीत पसरतात. हांगुलमध्ये दोन-तीन वर्ण मिळून एक चौकोनी ठोकळा होतो, बिघाड झाला की ठोकळे फुटून वर्ण रांगेत उभे राहतात. चिनी-जपानीत जुळणीचा प्रश्न नाही, पण फॉन्टचा आहे. युनिकोडमध्ये चिनी आणि जपानीला बरेच सामायिक क्रमांक दिलेले आहेत. त्यामुळे जपानी मजकुराला चिनी फॉन्ट लागला की काही अक्षरांची वळणं चिनी होतात. जपानी वाचकाला ते लगेच खटकतं, आपल्याला कळत नाही. फॉन्ट जपानी आहे ना, एवढं नेमकं विचारा.

यातून सुटायचा साधा उपाय डीटीपीवाल्यांना ठाऊक आहे: मजकूर पाठवायचाच नाही, कर्व्ह केलेली फाइल पाठवायची. अक्षरांचं रेषाचित्रात रूपांतर झालं की कोणत्याही संगणकावर त्यांची जुळणी बदलत नाही. जाणकाराकडे पीडीएफ तयार करून घ्या, ओळखीच्या डीटीपीवाल्याकडून कर्व्ह करून घ्या, आणि आर्टिस्टला तीच द्या. त्याने पुन्हा टाइप करू नये, अक्षरांमधलं अंतर वाढवू नये, 'थोडं स्टायलिश' करू नये, हे सौजन्याने पण ठामपणे सांगा. अरबी, देवनागरी, तिबेटी यांत अक्षरांमधलं अंतर ताणलं की जोड तुटतात.

वळण आणि आकार

संगणकावरचा साधा फॉन्ट अंगावर पाटीसारखा दिसतो, त्यामुळे सुलेखनाची इच्छा होणं स्वाभाविक आहे. जपानीत 'काइशो' ही ठसठशीत वळणाची शैली, 'ग्योशो' थोडी वाहती, आणि 'सोशो' इतकी जलद की अनेक जपानी माणसांनाही ती वाचता येत नाही. जे खुद्द जपानी माणसाला वाचता येत नाही, ते तपासणार कोण? काइशो किंवा ग्योशोवर थांबा. उर्दूसाठी नस्तालिक, अरबीसाठी नस्ख किंवा थुलुथ, आणि शक्य असेल तर त्या लिपीच्या सुलेखनकाराकडून पैसे देऊन लिहून घ्या. हा खर्च वाया जाणार नाही.

आकारात कंजूषी करू नका. शाई वर्षानुवर्षं कातडीत थोडी पसरते आणि अक्षरांमधल्या बारीक पोकळ्या बुजतात. जुन्या रूपातल्या 'प्रेम'मध्ये १३ रेघा आहेत. असं अक्षर दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा लहान काढलं तर काही वर्षांनी काळा डाग उरतो. चिनी-जपानीत एका टिंबाने 'मोठा'चा 'कुत्रा' होतो, त्यामुळे बुजलेली पोकळी हा नुसता दिसण्याचा प्रश्न राहत नाही.

आंधळी तपासणी

ही पायरी अजिबात न गाळता करा. ज्याने मजकूर दिला त्याला पुन्हा दाखवून उपयोग नाही. त्याला काय असायला हवं हे माहीत असतं, म्हणून तो तेच वाचतो. एकमेकांना न ओळखणारी दोन माणसं शोधा, दोघांची ती मातृभाषा असेल तर उत्तम. त्यांना आर्टिस्टच्या अंतिम डिझाइनचं चित्र पाठवा आणि अर्थ मुळीच सांगू नका. विचारा: इथे काय लिहिलंय? मोठ्याने कसं वाचाल? एखादं अक्षर तुटलेलं किंवा विचित्र वाटतं का? आणि हे कुणाच्या अंगावर दिसलं तर मनात पहिलं काय येईल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं. 'बरोबर आहे, पण हे दुकानाच्या पाटीवर असतं' अशी माहिती त्यातूनच मिळते.

'अमुक लिहिलंय ना?' असं विचारलंत तर भिडेखातर हो म्हणणारे पुष्कळ भेटतील.

माणसं कुठे शोधायची? जपानीसाठी पुण्याइतकं सोयीचं शहर महाराष्ट्रात नाही. जपानी शिकलेले, जपानी कंपन्यांत दुभाषी म्हणून काम करणारे, तिकडे राहून आलेले कितीतरी लोक इथे आहेत. विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे, जर्मनसाठी मॅक्स म्युलर भवन आहे. मात्र जपानीच्या एन-५ पातळीवरच्या विद्यार्थ्यावर हा भार टाकू नका, ती अगदी पहिली परीक्षा. एन-२, एन-१ झालेला किंवा जपानी माणूसच हवा. अरबी-फारसीसाठी मुंबई विद्यापीठात विभाग आहेत. तिबेटीसाठी दूर जायला नको, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची जुनी वसाहत आहे. हिब्रूसाठी आपल्यातलेच मराठीभाषक बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, लोक आहेत, कोकणात, ठाण्या-मुंबईत आणि इस्राएलमध्ये. त्यांच्या धर्मग्रंथात अंगावर गोंदण्याला मनाई आहे, हे ध्यानात ठेवून नम्रपणे विचारा, आणि कोणी नकार दिला तर तो मान्य करा.

मोडीचाही उल्लेख करायला हवा, कारण हल्ली मोडीत नाव गोंदवण्याची आवड वाढते आहे. भाषा आपली, पण लिपी आपल्यातल्या बहुतेकांना वाचता येत नाही, म्हणजे अडचण तीच. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत, शब्दांमधे जागा सोडत नाहीत, आणि शिवकालीन वळण पेशवेकालीन वळणाहून वेगळं असतं. युनिकोडमध्ये मोडी २०१४ मध्ये आली, त्यामुळे जुने मोडी फॉन्ट दुसऱ्या यंत्रावर हमखास बिघडतात. मोडी वाचकाच्या हातची अक्षरं घ्या, फॉन्टच्या भानगडीत पडू नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी मोडीचे जाणकार भेटतात.

जागा, श्रद्धा, कायदा

धर्मवचन असेल तर त्या धर्माच्या माणसाला आधी विचारा. कुराणातली आयत अंगावर गोंदणं अनेक मुस्लिमांना अवमानकारक वाटतं. तिबेटी मंत्राक्षरं कमरेखाली किंवा पायावर नसावीत असं ते मानतात. एप्रिल २०१४ मध्ये श्रीलंकेने एका ब्रिटिश पर्यटक महिलेला दंडावरच्या बुद्धाच्या टॅटूमुळे देशाबाहेर पाठवलं होतं. तिची बुद्धावर श्रद्धा होती, तरीही. जपानमध्ये टॅटू दिसला की पुष्कळ सार्वजनिक स्नानगृहांत प्रवेश नाकारतात, मग अक्षर कितीही शुद्ध असो. प्राचीन युरोपातली 'रून' अक्षरं मालिका पाहून आवडतात, पण त्यांतली काही नाझींनी चिन्हं म्हणून वापरली आणि जर्मनीत ती दाखवणं गुन्हा ठरू शकतं. कुठली, हे काढण्याआधी शोधा.

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी तर जागा ठरवण्याआधी भरतीची अधिसूचना वाचावीच. कायमच्या टॅटूला हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूलाच परवानगी असते, आदिवासी समाजांच्या परंपरागत गोंदणाला वेगळी सवलत आहे.

प्रत्यक्ष दिवशी

सुई पाकिटातून तुमच्यासमोर काढली जाते का, हे पाहणं आलंच. टॅटूनंतर काही महिने रक्तदान करता येत नाही, तेव्हा करायचं असेल तर आधी करून घ्या.

लिपीच्या बाबतीत या दिवसाचं काम एकच, स्टेन्सिल. आपल्या वाचकाला त्या वेळेत फोनजवळ राहायला आधीच सांगून ठेवा. स्टेन्सिल अंगावर उमटला की आरशात पाहू नका, सेल्फी कॅमेराही नको. दोन्हींत अक्षरं उलटी दिसू शकतात आणि उलटा उमटलेला स्टेन्सिल सुलटा वाटू शकतो. दुसऱ्या कुणालातरी मागच्या कॅमेऱ्याने सरळ समोरून फोटो काढायला सांगा आणि वाचकाला पाठवा. ओळ कुठे तुटली, अक्षर डोक्यावर उभं आहे का, ठिपके जागेवर आहेत का, उभ्या जपानी ओळी उजवीकडून डावीकडे जाताहेत का, हे त्याने सांगू दे. उत्तर येईपर्यंत सुई लागू द्यायची नाही. आर्टिस्टला घाई असेल तर दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या. स्टेन्सिल पुसता येतो, पुन्हा लावता येतो.

आणि वेदना सहन होत नसतील तर अक्षरं गाळू नका. जेवढं झालं तेवढ्यावर थांबा, पुढच्या वेळी पूर्ण करा. पण अर्ध्यावर थांबल्यावर जे अंगावर असेल त्याचा अर्थ काय होतो, हे वाचकाला आधीच विचारून ठेवा.

चुकलंच तर

घाईने काही जोडून घेऊ नका. चुकीत भर घालून ती सुधारता येते का, हे लिपीवर ठरतं. अरबीतला राहिलेला ठिपका, देवनागरीतली राहिलेली मात्रा, स्पॅनिशमधली राहिलेली लहर पाच मिनिटांत बसते. जास्तीची रेघ, चुकीचा क्रम किंवा उलटा उमटलेला शब्द भर घालून सुधारत नाही. काय जोडता येईल, हे आर्टिस्टने नव्हे तर वाचकाने सांगायचं, आणि जोडायच्या अक्षराची आंधळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून करायची. कातडी पूर्ण भरून यायला काही आठवडे द्यावेच लागतात.

लेझरने काळी शाई रंगीत शाईपेक्षा सहज फिकट होते, पण एका बैठकीत जात नाही. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना मूळ मजकुराचं चित्र, टॅटूचा समोरून काढलेला फोटो आणि नेमकी कोणती रेघ चुकीची आहे याची वाचकाने केलेली खूण, तिन्ही बरोबर न्या. पूर्ण शब्द काढायचा की तेवढीच रेघ फिकट करून बाकीचं अक्षर वाचवायचं, हे डॉक्टरांना त्यावरून ठरवता येईल.